शेवंताचा डावा गाल

दाऊदभाई कंपौंडरांपुढे खरं बोलून काही उपयोग नसायचा. खोटं बोलूनही नसायचा. लोणावळ्याच्या रेल्वे दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे ते उभे असायचे, आणि समोरच्यानं तोंड उघडलं की त्यांची एक भुवई वर जायची. मग तुम्ही आईची शपथ घ्या नाहीतर देवाची, ती भुवई खाली येत नसे. "बरं. आनि?" एवढंच ते म्हणायचे. त्या "आनि?"ला मी जितकी घाबरले, तितकी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबालाही कधी घाबरले नाही.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. मी पुण्याहून लोणावळ्याला मास्तरीण म्हणून आले होते. शाळा रेल्वेच्या कामगारांच्या मुलांची, त्यामुळे दवाखान्यात मलाही औषध मिळे. वय बावीस, अंगावर पहिल्या नोकरीतलं कोरं पातळ, आणि तोंडावर मुरुम. असे तसे नव्हेत. हनुवटीवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा. मी फळ्याकडे तोंड केलं की मागे पोरी खुसखुसत, आणि त्या गणिताला हसत नाहीत एवढं मला कळत होतं.

"काल काय खाल्लंत?" दाऊदभाईंनी विचारलं.

"भाजीभाकरी."

"बरं. आनि?"

"ताक."

"आनि?"

"आणखी काही नाही."

ते खिडकीतून जरा पुढे वाकले. "पदराला तेलाचा डाग हाय बाई. ताकाचा डाग असा पडत न्हाई."

आदल्या संध्याकाळी मी स्टेशनाबाहेर उभं राहून पावशेर कांदाभजी खाल्ली होती. मला इतका संताप आला, की बाटली न घेताच परत फिरावं असं वाटलं. पण दाऊदभाई शांतपणे म्हणाले, "भज्यानंच मुरुम येत्यात असं मी म्हणत न्हाई. डॉक्टरसायेब बी म्हणत न्हाईत. पन मानूस काय लपवतंय ते कळल्याबिगर त्याला औषध कसं द्यायचं?"

मग त्यांनी नियम सांगितले. दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि डाळीचं पीठ, घासायचं नाही, नुसतं लावून धुवायचं. नखानं फोडायचं नाही. रात्री केसांना तेल लावून झोपायचं नाही. गोडधोड, तळलेलं जरा आवरायचं. पोट साफ ठेवायचं. वेळेवर झोपायचं. गंधकाचं मलम रात्री अगदी पातळ लावायचं, भाकरीला लोणी लावल्यासारखं नाही. "आनि सहा आठवडे आरसा पालथा. रोज बघनाऱ्याला कायच कळत न्हाई, आनि तो उगा मलम बदलत बसतो." हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, "यातलं निम्मं करतील."

दाऊदभाई मूळचे बेडशाचे. घरची थोडी भातशेती होती, ती भाऊ बघायचा. हे पन्नाशी उलटलेले, उंच, जरासे वाकलेले, डोक्याला काळी टोपी, खमीसाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि हात सतत धुऊन धुऊन पांढुरके पडलेले. त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, म्हणून चहा कोरा प्यायचे. स्टेशनच्या घड्याळावर नव्हता, म्हणून स्वतःचं घड्याळ काढून बघायचे, आणि मग तेही कानाला लावून बघायचे. कडू औषधाचा पहिला घोट रोग्यानं त्यांच्यासमोरच घ्यायचा असा नियम होता, आणि घोट घेतल्यावर ते तोंड उघडायला लावून आत डोकावत. स्टेशनमास्तरांनासुद्धा त्यांनी आ करायला लावला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोगी बरा झाला तरी त्यांना पटत नसे. बाजारात तेव्हा मुंबईचं एक मलम विकायला आलं होतं. काचेच्या बरणीत, गुलाबी, वासाचं. आठ दिवसांत चेहरा नितळ आणि वर गोरा, असं विकणारा ओरडून सांगे. मी चोरून एक बरणी घेतली. खरंच फरक पडला. पंधरवड्यानं दवाखान्यात गेले तर दाऊदभाईंची भुवई माझ्याआधी हजर.

"इतक्यात सुधारलात? मला न्हाई पटत."

दोन वेळा "आनि?" ऐकल्यावर मी बरणीचं कबूल केलं. त्यांनी ती आणायला लावली. एका तांब्याच्या गडूचं बूड राखेनं लख्ख घासलं, वर ओलं बोट फिरवून बोटभर मलम चोळलं आणि बसून राहिले. थोड्या वेळानं फडक्यानं पुसलं, तर तांब्यावर चांदीसारखा पांढरा डाग.

"पारा," ते म्हणाले. "वरनं गोरं करतोय, आतनं मूत्रपिंडं खराब करतोय. बाई, तुमी शिकलेल्या ना?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते तोच गडू घेऊन त्या विक्रेत्याच्या शेजारी दिवसभर उभे राहिले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. कुणी बरणी हातात घेतली की गडूचं बूड दाखवायचे. तो माणूस पुन्हा लोणावळ्यात दिसला नाही.

अशा माणसाचं लोकांनी कौतुक करावं की नाही? पण आमच्या चाळीत त्यांच्याविषयी निराळंच बोललं जाई. चाळ रेल्वेच्या लोकांची. रुळाला लागूनच, बारा खोल्या आणि एक नळ. दाऊदभाई प्रत्येकाला घरातलं विचारतात. चुलीत काय जाळता, दिव्यात तेल कुठलं, अंथरूण कसलं, खाटेखाली काय ठेवलंय. एका कंपौंडरला हे कशाला हवं? हा कंपनीचा माणूस आहे, सगळं साहेबाच्या कानावर घालतो, असं नळावर ठरून गेलं होतं. मलाही ते खरं वाटायचं. ज्याचा कुणावर विश्वास नाही, त्याच्यावर आपण का ठेवावा, असा माझा सरळ हिशोब होता.

माझ्या शेजारच्या खोलीत सखाराम राहायचा. रेल्वेच्या डब्यांच्या आसांना तेल घालायचं त्याचं काम. त्याची बायको पारूमावशी, आणि सतरा वर्षांची मुलगी शेवंता. सुदुंबऱ्याच्या एका चांगल्या शेतकरी घरात शेवंताची सुपारी फुटली होती. आणि त्याच पावसाळ्यात तिचं तोंड उठलं. माझे मुरुम तिच्यापुढे काहीच नव्हते. डाव्या गालावर, कानाच्या पाळीमागे, मानेवर गाठीच गाठी, मधून मधून काळे ठिपके. त्वचा तेलकट, लाल, सुजलेली. सुदुंबऱ्याची कुणी बाई लोणावळ्याच्या बाजारात आली, तिनं शेवंताला पाहिलं, आणि चार दिवसांत निरोप आला. मुलाचे चुलते, आबा, दिवाळी झाली की पोरीला बघायला येणार. निरोप आणणाऱ्यानं आवाज खाली करून पुढचंही सांगितलं. "रगतपिती हाय म्हनत्यात."

महारोगाचं नाव एकदा घराला लागलं की संपलंच. नुसतं लग्न मोडून भागलं नसतं. नळावर पारूमावशीची घागर आताच बायका जरा लांब सरकवू लागल्या होत्या. शेवंता दिवसभर खोलीत बसे, पदर गालावरून ओढून. माझ्याकडे वाचायला यायची, तेही तिनं सोडलं.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी तपासून सांगितलं, की हा महारोग नाही, मुरुमच आहेत, जोराचे. पण रेल्वेचा डॉक्टर रेल्वेच्या माणसाच्या बाजूनंच सांगणार, असं सुदुंबऱ्याला वाटणार होतं. तोंड स्वच्छ दिसल्याशिवाय काही खरं नव्हतं. औषधपाणी दाऊदभाईंकडे आलं. गंधकाचं मलम, धुणं, पथ्य, सगळं. एक महिना शेवंतानं नेमानं केलं, आणि गाल होता तसाच राहिला.

"हे खोटं बोलत्यात," दाऊदभाई मला म्हणाले. "पोर न्हाई. तिची आई."

त्या दिवशी दोघी दवाखान्यात होत्या आणि मीही माझ्या मलमासाठी गेले होते. दाऊदभाईंनी शेवंताला उजेडात बसवलं. एक गाल बघितला, दुसरा बघितला. मग विचारलं, "कुठल्या कुशीवर निजतीस?"

शेवंतानं आईकडे पाहिलं. "डाव्या."

"उशी कसली हाय?"

"उशी न्हाईच आमच्याकडं," पारूमावशी घाईनं म्हणाली. "आमी हातावर डोकं ठिवून निजतो."

"बरं. आनि?"

"आनि काय? गरिबाकडं कुठली उशी, भाऊ?"

दर रविवारी पारूमावशीच्या दाराशी तीन उशा उन्हात पडलेल्या मी पाहत होते. आणि माझ्या स्वतःच्या खोलीत तिनंच प्रेमानं शिवून दिलेली चौथी होती. लढाईमुळे कापूस महाग झाला होता. आस पुसायला आणि आसाच्या टोकाशी असलेल्या तेलाच्या पेटीत भरायला कंपनी सुताचे गुंते देई, ते काळ्या तेलात भिजलेले. चाळीतले लोक तेच थोडे थोडे जेवणाच्या डब्यात दडवून घरी आणत, सोड्यानं धुवत, वाळवत आणि उशीत भरत. मऊ होई. जरासा वास येई, पण चाळीत सगळ्यालाच तो वास होता. त्यात काही वाईट आहे असं आम्हाला वाटलंच नाही. वाईट एवढंच, की सापडलं तर नोकरी जाईल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेवंता एकटी दवाखान्यात आली. मी पुन्हा तिथंच. खरं सांगायचं तर, काय होतंय ते बघायलाच गेले होते. तिनं पदराखालून उशी काढली आणि दाऊदभाईंपुढे ठेवली.

"भाऊ, बाबांची नोकरी घालवू नगा. तोंड न्हाई बरं झालं तरी चालंल."

दाऊदभाईंनी शिवण उसवली. आतला गुंता बोटांवर चोळला, बोटं नाकाशी नेली, आणि उठून दवाखान्याचं दार लावून घेतलं. आता हा साहेबाला बोलावणार, असंच मला वाटलं.

"हे तेल धुऊन जात न्हाई, पोरी," ते म्हणाले. "उनानं आनि डोक्याच्या घामानं परत वर येतंय. आनि रातभर तुझ्या गालात मुरतंय. म्या महिनाभर मलम लावतोय, आनि तू रोज आठ घंटे वंगान."

इंजेक्शनच्या पिचकाऱ्या उकळायच्या शेगडीत त्यांनी मूठमूठ करून ती सगळी उशी जाळली. काळा धूर झाला. खिडकीही त्यांनी जरा वेळानंच उघडली. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी काय बघितलं?"

"काही नाही."

"आता बोललात नीट."

त्या संध्याकाळी मीही माझी उशी बंबात घातली. सखारामच्या उरलेल्या दोन उशाही गेल्या.

इथंच ते थांबले असते तर. पण दाऊदभाईंना चाळीतल्या इतर पोरांचे गाल दिसायला लागले. त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं, "उश्या टाका. का म्हनून इचारू नगा. टाका." चाळ घाबरली. ह्याला कसं कळलं? कुणीच टाकल्या नाहीत, उलट अधिक आत दडवल्या.

आठ दिवसांनी घाटात एका मालडब्याचा आस तापून धूर निघाला. आसाच्या पेटीत गुंते कमी भरलेले सापडले आणि चौकशी लागली. कंपनीचे पहारेकरी सकाळीच चाळीत आले. त्यांनी उशा फाडल्या. दोघांची नोकरी गेली. सखारामच्या खोलीत काही मिळालं नाही.

सांगायला नकोच, चाळीनं काय अर्थ लावला. कंपौंडरनंच सांगितलं. उशांचं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्या दिवसापासून कुणी त्यांना सलाम करेना. औषध घ्यायला लोक डॉक्टर येण्याची वाट बघत, नाहीतर दाऊदभाईंनी दिलेली बाटली गटारात ओतून टाकत. ज्याची नोकरी गेली त्याची बायको त्यांच्या पुढ्यात थुंकली. आणि पारूमावशी नळावर खाली मान घालून घागर भरत राहिली. बोलली असती तर सखारामचीही नोकरी गेली असती. मी तरी कुठं बोलले?

खरी गोष्ट अशी, की मलाही संशय होताच. एक उशी जाळली म्हणून माणूस बाकीच्यांचं सांगणार नाही कशावरून? तीन दिवस मी तळमळले आणि चौथ्या दिवशी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"दाऊदभाई, तुम्ही सांगितलंत का?"

त्यांनी बाटलीला बूच लावलं, फडक्यानं पुसलं. "न्हाई."

मी तशीच उभी. माझी भुवई वर गेली असावी, कारण ते जरासे हसले. "इचारलंत ते बरं केलंत बाई. बाकी कुनी इचारलं बी न्हाई."

"मग लोकांना सांगा ना, तुम्ही त्यांना वाचवायला गेला होतात म्हणून."

"कसं सांगू? मला कसं कळलं ते सांगावं लागंल. मग शेवंताचं नाव आलं." ते पुढची बाटली घेऊन मोजमाप करू लागले. मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, आजही वाटते.

दिवाळीपर्यंत शेवंताच्या गालावरच्या गाठी बसल्या. डाग होते, पण सूज गेली. आबा आले. जाडजूड, मोठा फेटा बांधलेला, कमी बोलणारा माणूस. तोंड बरं दिसतंय हे बघूनही त्यांचं मन मानेना. रगतपिती अशी दबून राहते असं त्यांना कुणी सांगितलं होतं. सखारामनं दाऊदभाईंना बोलावलं. चाळीनं दारं लावून घेतली आणि फटीतून पाहिलं.

"तुमच्या सांगन्यावर माजा इस्वास न्हाई," आबा म्हणाले.

"ठिवू बी नगा," दाऊदभाई म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखा माणूस भेटला होता. त्यांनी खिशातून कोंबडीचं एक पीस काढलं आणि आबांच्या हातात दिलं. "त्या रोगात चट्ट्यावर लागल्यालं कळत न्हाई. पोरगी डोळं मिटून बसंल. तुमी सोता लावा. कुटं लागलं ते ती सांगंल."

शेवंतानं डोळे मिटले. आबा पीस घेऊन बसले, अवघडून, एवढ्याशा पिसाला हलकं कसं धरायचं ते न कळून. गाल. "गाल," ती म्हणाली. कानाची पाळी. मानेचा डाग. "मान. मागनं." एकदा आबांनी पीस लावलंच नाही, नुसतं जवळ धरलं. ती थांबली. "आता कुटं न्हाई." आबांनी पीस खाली ठेवलं.

"मग झालं कशानं?"

दाऊदभाईंनी पीस उचलून खिशात ठेवलं. "तेलानं. रातच्याला तेल लय लावायची. आता बंद हाय."

माघात लग्न झालं. दाऊदभाईंना पत्रिका गेली नाही. सखाराम म्हणाला, ते आले तर चाळीतले लोक येणार नाहीत, दोन घरांची चूल विझलीय.

शेवंता नागपंचमीला पहिल्यांदा माहेरी आली. तिला पोचवायला आबाच आले होते. नळावर ही गर्दी. तेवढ्यात दाऊदभाई चाळीसमोरून दवाखान्याकडे निघाले, हातात बाटल्यांची पेटी. एका पोरानं त्यांच्या पाठीवर चिखलाचा गोळा मारला आणि बायका हसल्या. नोकऱ्या गेल्याचं शेवंताला ठाऊक होतं, पण आळ दाऊदभाईंवर आलाय हे पारूमावशीनं खोलीत बसलेल्या पोरीच्या कानावर कधी येऊ दिलं नव्हतं. तिनं विचारलं, "का मारलं?" कुणीतरी सांगितलं. उशांचं साहेबाला कंपौंडरनंच सांगितलं म्हणून.

मी तिचं तोंड पाहिलं. नितळ होतं ते, डाव्या गालावर दोन फिकट खुणा. ते लालबुंद झालं आणि ती ओरडली, "खोटं हाय! भाऊंनी न्हाई सांगितलं. उशी माजी हुती, मीच नेली—"

पारूमावशीच्या हातून घागर सुटली. ओट्यावर बसलेले आबा उठून उभे राहिले. सखाराम भिंतीला टेकला. अजून एक वाक्य, आणि बापाची नोकरी, आणि चोरीच्या उशीचं आबांना कळून तिचा संसार, दोन्ही गेलं असतं.

दाऊदभाई वळले. पाठीवरचा चिखल ओघळत होता. त्यांनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोर माझी बाजू घ्यायला काय बी बोलतीया. हिची कसली उशी? म्याच सांगितलं सायबाला. मी कंपनीचा नोकर हाय."

मग पेटी सावरून ते रुळाच्या कडेनं दवाखान्याकडे चालू लागले. शेवंता रडत होती, पारूमावशी तिचं तोंड दाबून तिला आत ओढत होती. आबा हळूहळू खाली बसले. ज्यांनी दाऊदभाईंच्या बाटलीतला एक थेंबही कधी खरा मानला नव्हता, त्या साऱ्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. त्यांच्या या एका बोलण्याचा मात्र कुणालाच संशय आला नाही.